पालथी ताटली

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच. पांढरी साडी, अमावस्या, वळणावरची बाई... मी डिचोलीतल्या एका हायर सेकंडरीत सायन्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. मुलांच्या जर्नलमध्ये 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने असतात. निरीक्षणाच्या रकान्यात कुणी अनुमान लिहिलं की मी लाल पेनने गोल करते. इतकी वर्षं तेच केल्यावर माणूस भुताखेतांच्या कामाचा राहत नाही.

तर आधीच सांगते, यात भूत नाही. काळोख नाही. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे. ज्यांना थरार हवाय त्यांनी खुशाल पुढच्या अनुभवावर जावं, मी रागावणार नाही.

आम्ही सर्वणला राहतो. आई, मी, आणि माझा मोठा भाऊ उल्हास. दादा सेहेचाळीस वर्षांचा आहे. जन्मापासून बोलत नाही. ऐकू सगळं येतं, समजतं बरंच, पण किती समजतं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. लहानपणी एका डॉक्टरने आईला सांगितलं होतं, 'हा चार वर्षांच्या मुलाएवढाच राहणार.' मला ते वाक्य कधी आवडलं नाही. चार वर्षांचं मूल घरातली तीन कामं इतकी वर्षं एकही दिवस न चुकता करत नाही.

दादाची तीन कामं अशी. सकाळी साडेसहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की फाटकावर जाऊन सहा पाव घ्यायचे. अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं. आणि रात्री जेवणं झाल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या चहा-पावासाठी, तीन स्टीलच्या ताटल्या पुसून मेजावर मांडून ठेवायच्या. जनेलाकडची, म्हणजे खिडकीकडची, आईची, मधली त्याची, दाराकडची माझी. वर एक फडकं घालायचं. मी ट्रेनिंगला पुण्याला गेले होते तेव्हासुद्धा आठवडाभर माझी ताटली रोज मांडलेली होती, असं आई सांगते.

गेल्या वर्षी दादाची दाढ किडली. म्हणजे ते आम्हाला महिन्याभराने कळलं. आधी तो पाव नुसता हातात घेऊन बसायला लागला. मग गाल भिंतीवर घासायला लागला. मग एके दिवशी डोकं आपटून घेतलं, आणि आईने त्याच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं तर आत सगळं लाल. डिचोलीतल्या डेंटिस्टने बघायचा प्रयत्न केला. दादाने त्यांचा आरसा फेकून दिला. तो घाबरला होता, रागावला नव्हता, हे त्या डॉक्टरला न सांगता समजलं, तेव्हाच तो मला आवडला. तो म्हणाला, "ताई, याला जागेपणी त्रास नको देऊया. भूल देऊन करूया. वास्कोहून भूल देणाऱ्या एक मॅडम येतात, महिन्यातून एकदा."

महिन्यातून एकदाच. तेवढी एक तारीख, आणि चुकली की पुन्हा महिनाभर गाल भिंतीवर.

पहिली तारीख आम्ही चुकवली, आणि ती कशी, ते ऐकण्यासारखं आहे. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. झोपेत पोटातलं वर आलं आणि छातीत गेलं तर जिवावर बेततं. खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. मी आईला तीनदा समजावलं. तिने पाव लपवला, बिस्किटांचा डबा कपाटात कुलूपबंद केला, पोदेराला आदल्या दिवशी सांगितलं की उद्या भोंगा वाजवू नको. सगळं झालं. आणि सकाळी आठ वाजता कोरगावहून मामा आला — देवीला दादासाठी गाऱ्हाणं घालून, नारळ-केळ्यांचा प्रसाद घेऊन. आईने प्रसाद कपाळाला लावला आणि खोबऱ्याचा तुकडा अन् अर्धं केळं दादाच्या तोंडात घातलं. माझ्यादेखत. आणि मीही बघत उभी राहिले हो. वीस वर्षं लॅबमध्ये काम करणारी मी. प्रसाद हे खाणं आहे असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

क्लिनिकमध्ये वास्कोच्या मॅडमनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?" मी म्हटलं, "रात्री आठला." त्यांनी दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि रुमालाने त्याच्या ओठावरचा खोबऱ्याचा कीस टिपला.

आई म्हणाली, "देवाचा तोंडात घातलंय, तेका काय खाणा म्हणतत?"

मॅडम चिडल्या नाहीत. आईच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, देवाचं असलं तरी पोटात गेल्यावर खोबरंच ते. माझ्या हातात तुमचा मुलगा आहे. मला संशय असताना मी त्याला झोपवणार नाही." वास्कोहून बसने येऊन त्या बाई हात हलवत परत गेल्या, पण जाताना दादाला टाटा करून गेल्या. आई घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या वेळेसाठी मॅडमनी एक चित्रांचा तक्ता पाठवला. लहान मुलांसाठी असतो तसा. पहिलं चित्र — ताटली, त्यावर फुली. दुसरं — अर्धा भरलेला पाण्याचा पेला आणि शेजारी घड्याळ. तिसरं — सैल कपडे. चौथं — वाटीत काढून ठेवलेली कवळी. पाचवं — झोपलेला माणूस. सहावं — पुन्हा ताटली, यावेळी भरलेली. सोबत निरोप: आठ दिवस रोज तालीम करा.

आम्ही तालीम केली. तक्ता मेजाच्या वर भिंतीला चिकटवला. मी दादाला दाखवलं — ताटली पालथी म्हणजे पाव नाही. मग ती उलटी केली की पाव. पहिल्या दिवशी सातला, दुसऱ्या दिवशी साडेसातला, असं करत करत दहापर्यंत न्यायचं. मला वाटलं होतं घरात महाभारत होईल. दुसऱ्याच रात्री दादाने स्वतःची ताटली स्वतः पालथी घातली. सकाळी पोदेराकडून पाव आणले, टोपलीत ठेवले, आणि दाढ ठणकत असताना, पावाचा वास घरभर असताना, हा माणूस घड्याळाकडे बघत बसून राहिला. मी शाळेत जे संयमाचे धडे ऐकते ते सगळे त्याच्यापुढे फिके. मला माझ्या भावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि थोडी लाजही वाटली, की सेहेचाळीस वर्षांत त्याला काही शिकवून बघायचं आम्हाला सुचलंच नाही.

सातही दिवस फक्त त्याची ताटली पालथी. आई आणि मी रोजच्या वेळेला चहा-पाव घ्यायचो, त्याच्यासमोर, तोही तालमीचा भाग होता. त्याने कधी हरकत घेतली नाही. हे नीट लक्षात ठेवा.

अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री आठ वाजता आम्ही तिघंही पेज जेवलो. दादाने ताटल्या पुसल्या. स्वतःची पालथी घातली. मग आईची उचलली, आणि तीही पालथी घातली. माझी दोनदा पुसली आणि सुलटी ठेवली.

आई हसली. "अरे बाबू, माका नाय रे टोचूचा, तुका." तिने आपली ताटली सुलटी केली. त्याने पुन्हा पालथी केली. तिने पुन्हा सुलटी. तिसऱ्या वेळी त्याने पालथ्या ताटलीवर हात दाबून धरला आणि आईकडे असं बघितलं की तिने नाद सोडला. मला वाटलं, गोंधळला बिचारा. सगळ्यांनीच उपाशी राहायचं असं वाटत असेल.

सकाळी भोंगा वाजला. सहा पाव आणणारा माणूस एकच पाव घेऊन आला, आणि तो त्याने माझ्या ताटलीत ठेवला. म्हणजे सगळ्यांनी उपाशी राहायचं नव्हतं. आईने चहा ओतून घेतला. दादाने तिच्या हातातला कप काढून मोरीत ओतला. तिने दुसरा घेतला, तोही ओतला. मला निघायची घाई, दादाला सांभाळायचं टेन्शन, त्यात हा तमाशा... मी त्याच्या हातावर जोरात चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने हात मागे घेतला नाही. कप पालथा घातला आणि तसाच उभा राहिला.

"रव गो, मारू नको तेका," आई म्हणाली. "गेल्या खेपेक माझ्यामुळा मोडला सगळा. आज तो उपाशी, तर मी पण उपाशी. माझा काय जाता?"

सव्वाआठला दादाने तक्त्यातल्यासारखा अर्धा पेला पाणी प्यायलं. मग तोच पेला अर्धा भरून आईच्या हातात दिला आणि ती पिईपर्यंत समोर थांबला.

निघताना आईची कवळी सापडेना. ती रात्री जनेलात एका वाटीत पाणी घालून ठेवते. वाटी होती, पाणी होतं, कवळी नव्हती. दहा मिनिटं शोधली. शेजारचा रामनाथ व्हॅन घेऊन दारात हॉर्न देत होता. शेवटी आई तोंडावर पदर धरून तशीच गाडीत बसली. माझ्या आईसारखी बाई, जी दारावर आलेल्या मासेवालीसमोरही कवळीशिवाय जात नाही.

साडेदहाला मॅडमनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?" मी यावेळी छाती काढून सांगितलं: रात्री आठला पेज, सकाळी सव्वाआठला अर्धा पेला पाणी, त्यानंतर थेंब नाही. त्यांनी फॉर्म भरला. त्या फॉर्मवर शेवटची एक ओळ असते — 'पेशंटची तयारी कोणी करून घेतली'. मी नाव लिहिलं आणि सही केली. दादा आपणहून खुर्चीवर आडवा झाला. सुई टोचली तेव्हा फक्त माझा हात दाबला, त्याच चापट खाल्लेल्या हाताने. आणि झोपला.

मी बाहेर आले तर आई बाकावर वाकून बसली होती. दादाच्या चपला उचलायला वाकली होती म्हणे. कपाळावर घाम, चेहरा राखेसारखा.

"माका कायएक नाय झाला. जरा वाकलंय तर कळ इली. बाबूचा जावंदे आधी."

मग तिने उलटी केली. नुसतं पिवळं पाणी.

दादाची दाढ अर्ध्या तासात निघाली. मॅडम त्याला असिस्टंट मुलीच्या हवाली करून थेट आईकडे आल्या. "मावशे, खंय दुखता? दाखय." आई पदर सोडेना. शेवटी मी सोडला. बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ होती, घट्ट आणि लाल. ती गाठ सहा-सात वर्षं होती. कधी दुखली नव्हती, म्हणून आईने मला कधी सांगितली नव्हती, लुगडं वर बांधून झाकत होती. मॅडमनी हलकंसं दाबून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. हर्निया होता, आतडं अडकून पिळलं होतं. म्हापशाच्या हॉस्पिटलात न्यायचं, आत्ताच्या आत्ता. आजच्या आज ऑपरेशन.

त्यांनी तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. फोन खांद्याला धरून टेबलावरचा एक कोरा फॉर्म ओढला, दादाचा भरला होता तसलाच, आणि मला विचारलं, "आईंनी शेवटचं कधी खाल्लं?"

मी तोंड उघडलं... आणि मला उत्तर पाठ होतं. तासाभरापूर्वीच मी ते दिलं होतं.

"रात्री आठला. पेज."

"पाणी?"

"सव्वाआठला. अर्धा पेला."

"कवळी आहे? दागिने?"

"कवळी आहे, पण... आज घातली नाही."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी शेजारी पडलेला दादाचा फॉर्म बघितला, मग हातातला बघितला. मग मला म्हणाल्या, "तुम्ही यांना पण उपाशी ठेवलंत? का?" त्या फोनवर म्हणाल्या, "हो, पोट रिकामं आहे. हो, पंधरा तास. माझ्या स्वतःच्या पेशंटची तयारी इतकी चोख नसते." मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला, मी शेवटच्या ओळीत नाव लिहिलं, सही केली, आणि आम्ही ॲम्ब्युलन्सने निघालो. दादाला जाग येईपर्यंत रामनाथ त्याच्याजवळ बसला आणि नंतर घरी घेऊन गेला.

ऑपरेशन दोन तास चाललं. आतडं काळं पडायच्या बेताला आलं होतं, पण कापावं लागलं नाही. तिथले भूल देणारे डॉक्टर म्हणाले की अशा पेशंटला आम्ही कसंही करून घेतोच, पण या वयात भरल्या पोटाची इमर्जन्सी म्हटली की आम्हीच देवाचं नाव घेतो. चहा-पाव पोटात असता तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आई सहा दिवसांनी घरी आली. ते सहाही दिवस तिची ताटली मेजावर पालथीच होती. मी धूळ पुसायला उचलली तर दादाने हातातून घेऊन परत होती तशी ठेवली. आई हळूहळू चालत येऊन खुर्चीवर बसली, तेव्हा तो आत गेला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. कवळी. नळाखाली धुतली, वाटीत ठेवली, आणि मग ताटली सुलटी केली. मेजावर यावेळी माणशी एक धरून तीन पाव होते.

मी त्याच्यासमोर बसले आणि त्याचा हात धरून माफी मागितली. रडले, अगदी मोठ्याने. त्याने माझ्या ताटलीतला पाव माझ्याकडे सरकवला, म्हणजे खा.

आता अनुमानाचा रकाना.

दादाच्या तपासणीला गेले तेव्हा मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चांगला तर्क दिला. म्हणाल्या, "तक्त्यात कवळीचं चित्र होतं ना? घरात कवळी फक्त आईंना. त्याला वाटलं असेल, तक्ता आईंसाठीही आहे." मला तो तर्क इतका पटला की मी सुटकेचा निःश्वास सोडला. घरी येईपर्यंत टिकला. मग आठवलं, तक्ता आठ दिवस भिंतीवर होता. सात सकाळी आईने कवळी घालून त्याच्यासमोर पाव खाल्ला. तेव्हा का नाही?

दुसरा तर्क माझा. आईला आदल्या रात्रीच दुखत असणार, तिने लपवलं, त्याने ओळखलं. हा मला सगळ्यात खरा वाटत होता, कारण तारीख पुन्हा चुकू नये म्हणून आईने काहीही लपवलं असतं. मी तिला चारदा विचारलं. चौथ्या वेळी तिने दादाला जवळ बोलावलं.

"बाबूच्या माथ्यार हात ठेवून सांगतंय. तिथे वाकापर्यंत माका कायएक दुखत नव्हता."

माझी आई माझ्याशी खोटं बोलू शकते. दादाच्या डोक्यावर हात ठेवून नाही.

मॅडमना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, मला माहीत नाही." इतक्या हुशार बाईने इतकं सरळ सांगितलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. मलाही माहीत नाही. लाल पेन घेऊन हे सगळं मी कितीदा तपासलं, निरीक्षणात कुठे अनुमान घुसलेलं सापडत नाही.

एक चूक मात्र सापडली. आईच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये त्या फॉर्मची प्रत आहे. 'पेशंटची तयारी कोणी करून घेतली' या ओळीवर माझं नाव आणि माझी सही आहे. घाईत केली, पण खोटी आहे. मी तर तिला चहा मिळावा म्हणून भांडत होते. फाइलमधला कागद आता बदलता येत नाही, म्हणून दुरुस्ती इथे लिहून ठेवते: तयारी उल्हासने करून घेतली.